मंडळीत एकी कशी राखावी : नाशिकच्या मंडळ्यांत नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

बदलीमुळे, नोकरीमुळे किंवा लग्नामुळे नाशिकला आलेली ख्रिस्ती कुटुंबे पहिल्या काही रविवारांत आपल्याजोगती मंडळी, म्हणजे चर्च, शोधतात, नाव नोंदवतात आणि पाहता पाहता कुठल्यातरी कामाला जुंपली जातात. कुणी शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवू लागतो, कुणी महिला मंडळाचा हिशेब सांभाळते, तर कुणाचे नाव थेट कमिटीच्या निवडणुकीसाठी सुचवले जाते. हा लेख अशा माणसांसाठी आहे. मंडळीतला तंटा शिकवणुकीवरून क्वचितच होतो. तो किल्लीवरून, पावतीवरून, माईकवरून आणि मानाच्या खुर्चीवरून होतो. तो मिटणार की चिघळणार, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे दुखावलेल्या माणसाने आपले गाऱ्हाणे सर्वांत आधी कुणाला सांगितले. नवीन सभासदाला मागचे काही ठाऊक नसते आणि तो अजून कुणाच्या बाजूचा नसतो, त्यामुळे अशा गाऱ्हाण्यांना तो हक्काचा श्रोता वाटतो. पुढच्या पायऱ्या त्याने त्या भूमिकेत अडकू नये म्हणून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : निर्णय कोण घेते ते जाणून घ्या

नाशिकमध्ये एकाच रस्त्यावर निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या भेटतात आणि प्रत्येकीची कारभाराची रीत वेगळी असते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत पाळकसाहेब आणि निवडून आलेली पास्टोरेट कमिटी मिळून कारभार पाहतात, आणि त्यांच्यावर बिशप व धर्मप्रांताची व्यवस्था असते. कॅथलिक धर्मग्रामात अंतिम जबाबदारी धर्मगुरूंची असते. तेथील पॅरिश कौन्सिल सल्ला देते, निर्णय लादत नाही. मात्र १९८३च्या चर्च कायदासंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक मंडळ असणे बंधनकारक आहे. स्वतंत्र मंडळ्यांत बहुधा पास्टर आणि नोंदणीकृत ट्रस्टचे विश्वस्त यांच्याकडे सूत्रे असतात, आणि काही ठिकाणी हे सर्वजण एकाच घरातले असतात.

हे आधी का जाणून घ्यायचे? कारण अर्धे वाद चुकीच्या दारावर थाप मारल्याने होतात. जो निर्णय बिशपांच्या अखत्यारीत आहे त्याबद्दल पाळकांना धारेवर धरले जाते, आणि जो कमिटीने घ्यायचा आहे तो पाळकीणबाईंच्या कानात सांगून परस्पर करून घेण्याचा प्रयत्न होतो. मंडळीची घटना किंवा नियमावली सचिवांकडे मागा आणि शांतपणे वाचा. ती मागितल्यावर कुणाच्या भुवया उंचावल्या, तर तीही एक उपयुक्त माहिती समजावी.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा निरनिराळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन ही संस्था स्थापन झाली. त्यांत अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, मेथडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स होते, तसेच आधीच एक झालेले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल पंथाचे लोकही होते. बालकांचा बाप्तिस्मा की समज आल्यावर बाप्तिस्मा, या जुन्या प्रश्नावर त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. म्हणून शेजारच्या बाकावरच्या कुटुंबाने मुलाचे केवळ समर्पण केले आणि बाप्तिस्मा पुढे ढकलला, तर त्यांना 'हे आपल्यात चालत नाही' असे सांगू नये, कारण ते आपल्यात चालते. आपल्या गावच्या मंडळीतली रीत हीच सगळ्या ख्रिस्ती लोकांची रीत, अशी समजूत नव्या माणसाबरोबर हमखास येते. ती जितक्या लवकर उतरेल तितके बरे.

दुसरी पायरी : रेघा कुठे आहेत ते पाहा, पण त्यांवर उभे राहू नका

नाशिकच्या कोणत्याही मोठ्या मंडळीत दाराशी उभे राहून कान दिला, तर तिची जडणघडण लक्षात येते. शरणपूरची जुनी घराणी असतात. अहिल्यानगर, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून शिक्षण-नोकरीसाठी आलेली कुटुंबे असतात. नाशिकरोडच्या प्रेसमधले कामगार, देवळालीच्या छावणीतले सैनिक, ओझर, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतले कर्मचारी असतात; त्यांत मल्याळी, तेलुगू, तमिळ आणि कोकणी बोलणारेही असतात. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांतून शहरात आलेले आदिवासी विश्वासणारे मागच्या बाकावर बसतात आणि चहाच्या वेळी निघून जातात. त्यांना कुणी हाक मारून थांबवले आहे का, हे पाहावे.

भाषा, मूळ गाव, शिक्षण, पगार आणि पूर्वाश्रमीची जात या पाच रेघांवर मंडळी फाटण्याची शक्यता असते. पाचवीबद्दल जाहीरपणे कुणी बोलत नाही, पण सोयरिकीच्या वेळी आणि निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात ती स्पष्ट दिसते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती पुसली गेली असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. ज्यांना ती रोज जाणवते त्यांच्यासमोर 'आपल्यात जात नाही' असे म्हणणे हा त्यांचा दुसऱ्यांदा केलेला अपमान होय. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसायला सांगणाऱ्या मंडळीला जे सुनावले आहे, ते येथे जसेच्या तसे लागू पडते.

'आम्ही मूळचे' हे शब्द ऐकू आले, तर शरणपूरचाच इतिहास आठवावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुले-माणसे राहिली, शिकली आणि मंडळीचा भाग झाली. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकच्या या शाळेत शिकलेले तरुण होते. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट यांनी मृत्यूच्या ठिकाणीच अंत्यविधीची प्रार्थना वाचली. ज्या मंडळीच्या पहिल्या पिढीत दुसऱ्या खंडातून आलेली माणसे होती, तिच्यात मूळचे कोण आणि उपरे कोण हा हिशेब मांडायला फारशी जागा उरत नाही.

पहिले काही महिने दर रविवारी वेगळ्या बाकावर बसा. घरच्या प्रार्थनासभांची आमंत्रणे सगळ्यांची स्वीकारा, केवळ आपल्या बोलीच्या किंवा आपल्या गावच्या लोकांची नव्हे. आपल्या नावाची चिठ्ठी कुठल्याही पॅनेलमध्ये पहिल्याच वर्षी जाऊ देऊ नका. 'तुमच्यासारखी शिकलेली माणसे पाहिजेत' असे सांगणारा माणूस खरेच तसे मानत असेलही, पण त्याला बहुधा एक मत कमी पडत असते.

तिसरी पायरी : गाऱ्हाणे तुमच्याकडे आले तर

ही या लेखातली मुख्य पायरी आहे आणि तिच्यावर थोडा वेळ थांबणे आवश्यक आहे. उपासना सुटल्यावर, मोटारसायकलींच्या रांगेपाशी, कुणीतरी वडीलधारी बाई तुम्हाला बाजूला घेते. सलाम होतो, मुलांची चौकशी होते, आणि मग आवाज खाली येतो. खजिनदारांनी त्यांना सगळ्यांदेखत काहीतरी बोलले असते, किंवा क्वायरमधून त्यांच्या मुलीला वगळलेले असते. त्या खोटे बोलत नसतात, त्यांना खरोखरच लागलेले असते. पण नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे पहिली बाजू मांडणारा नेहमीच खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत.

येथे दोन चुकीची उत्तरे सहज तोंडात येतात. एक म्हणजे, 'हो का? ते तसेच आहेत, मलाही तसाच अनुभव आला.' दुसरे म्हणजे, 'जाऊ द्या, मावशी, प्रार्थना करू या.' पहिल्याने गट तयार होतो. दुसऱ्याने दुखावलेल्या माणसाचे तोंड बंद होते आणि ती पुढच्या रविवारी तेच दुसऱ्या कुणालातरी सांगते. प्रार्थना नको असे नाही. परंतु मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने अपराध झालेल्या माणसाला जी पहिली आज्ञा दिली, ती जाऊन त्याच्याशी एकांतात बोलण्याची आहे. प्रार्थना हे न जाण्याचे निमित्त होऊ नये.

म्हणून एवढेच विचारावे : "मावशी, हे त्यांच्या कानावर घातलंत का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असे येते. मग म्हणावे, "आधी त्यांच्याशी बोला. एकटं जायला अवघड वाटत असेल, तर तुम्ही म्हणाल तेव्हा मी बरोबर येईन. पण त्यांच्याआधी मी बाकीचं ऐकणार नाही." शेवटचे वाक्य कठोर वाटते, आणि ते म्हणताना आवाज मऊ ठेवावा लागतो. पण हेच वाक्य तुम्हाला पुढची अनेक वर्षे गटबाजीपासून वाचवते, कारण थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळते की या घरी गाऱ्हाणे मुरत नाही.

याला अपवाद आहे आणि तो पुढे सांगितला आहे. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर कुणालाही एकटे पाठवू नये.

चौथी पायरी : समोरासमोर बोलणे

दुखावलेले तुम्ही असाल, तर त्याच आठवड्यात भेट घ्या. इफिसकरांस पत्रात सूर्य मावळण्याआधी राग सोडून द्यायला सांगितले आहे. सूर्यास्त साधला नाही, तरी पुढचा रविवार उजाडू देऊ नये, कारण रविवारी ते माणूस समोर येते, नजर चुकवली जाते आणि ती नजर चुकवलेली आणखी चौघे पाहतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला क्रमही हाच आहे : अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला जायचे, मग येऊन अर्पण करायचे.

भेट चर्चच्या आवारात ठेवू नये. तेथे कुणीतरी पाहते आणि अर्थ लावते. फोनवर बोलणे टाळावे, आणि लिहून पाठवणे तर टाळावेच. त्यांच्या घरी, आधी कळवून, शक्यतो संध्याकाळच्या चहाला जावे. जाताना जुन्या तक्रारींची यादी नेऊ नये. एकच प्रसंग सांगावा, तोही काय घडले आणि मला काय वाटले एवढाच : "काका, गेल्या रविवारी मी वाचन करत असताना तुम्ही मधेच माईक बंद करायला सांगितलंत. ते मला सगळ्यांसमोर लागलं. तुमच्या मनात काय होतं, ते मला कळलेलं नाही, म्हणून आलो." एवढे बोलून थांबावे. पुढचे वाक्य त्यांचे आहे. कितीतरी वेळा उत्तर असे येते की माईकमध्ये घरघर होत होती आणि मागच्या बाकांवर काहीच ऐकू येत नव्हते.

'तुम्ही नेहमीच असे करता', 'सगळे लोक म्हणतात', 'तुमच्या वडिलांच्या वेळेपासून' ही तीन सुरुवात करणारी वाक्ये घरीच ठेवून जावीत. 'सगळे लोक' म्हणजे सहसा दोघे असतात.

भेट फसली, तर मत्तयातल्या क्रमाने एक किंवा दोन माणसे बरोबर न्यायची असतात. ती आपल्या बाजूची नसावीत. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोन कष्टाळू स्त्रियांचे बिनसलेले दिसते. पौल कोण चुकले ते लिहीत नाही. तो दोघींनाही वेगवेगळी विनंती करतो आणि एका सहकाऱ्याला त्यांना मदत करायला सांगतो. मध्यस्थाची निवड करताना हा नमुना पुरेसा आहे : दोघांनाही मान देणारा, दोघांकडेही स्वतंत्रपणे जाणारा आणि निकाल जाहीर करण्याची घाई नसलेला माणूस. नाशिकमध्ये सोयरिकी एकमेकांत इतक्या गुंतलेल्या आहेत की पूर्णपणे तटस्थ माणूस मिळणे कठीण असते. अशा वेळी दुसऱ्या मंडळीतल्या एखाद्या निवृत्त पाळकांना विनंती करण्यात कमीपणा मानू नये.

हेही निष्फळ झाले तरच गोष्ट मंडळीपुढे, म्हणजे पाळक आणि कमिटीपुढे जाते. प्रत्यक्षात बहुतेक जण मत्तयातल्या या तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि पहिल्या दोन कधी घेतच नाहीत.

पैसा

पैशाबद्दल भावनेने लिहिण्याऐवजी पद्धतच सांगतो, कारण येथे चांगला हेतू नव्हे, चांगली पद्धत वाचवते.

उपासना संपल्यावर अर्पणाच्या थैल्या वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीतल्या, टेबलावर एकत्र रिकाम्या कराव्यात. मोजायला किमान दोघे असावेत, ते एकाच घरचे नसावेत आणि दर महिन्याला बदलावेत. पाचशेच्या नोटा वेगळ्या, शंभराच्या वेगळ्या, मग पन्नास-वीस-दहा, मग नाणी, आणि प्रत्येक गड्डीची संख्या वहीत लिहायची. बेरीज अंकांत आणि अक्षरांत लिहून दोघांनी तेथल्या तेथे सही करायची, आणि सही होईपर्यंत कुणी चहाला उठायचे नाही. नावाच्या पाकिटांतून आलेल्या दशांशाचा आकडा त्या टेबलावरच राहिला पाहिजे. कुणी किती दिले हे बाहेर गेले, की पुढची कित्येक वर्षे ते बोलण्यात येत राहते. रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत जावी.

अलीकडे दाराशी क्यूआर कोड लावलेला असतो. तो मंडळीच्या खात्याचाच असावा. खजिनदारांच्या वैयक्तिक नंबरावर पैसे घेणे सोपे पडते, आणि ते कितीही प्रामाणिक असले तरी संशयाला तेथूनच वाट मिळते. खजिनदारावर विश्वास असणे आणि त्याच्यापाशी पुरावा असणे, या दोन्ही गोष्टी त्याच्याच भल्याच्या आहेत.

हंगामाच्या सणात अर्पण म्हणून आलेल्या वस्तूंच्या लिलावाचे एक उदाहरण पाहू. द्राक्षांची पेटी, गावठी कोंबडी, कुणाच्या परसातला भोपळा यांवर बोल्या चढतात, हशा होतो, आणि एखादा भाऊ उत्साहाच्या भरात भोपळ्यावर एवढी बोली लावतो की टाळ्या पडतात. दोन महिने उलटतात, पैसे येत नाहीत. मग वार्षिक सभेत थकबाकीची यादी नावांसह वाचली जाते आणि ते कुटुंब मंडळीत येणे बंद करते. लिलावाच्या दिवशीच टेबलापाशी एकाने वहीत नाव, वस्तू आणि रक्कम लिहून सही घेतली असती, आणि महिनाभराने खजिनदारांनी घरी जाऊन हळूच आठवण केली असती, तर यादी वाचण्याची वेळ आली नसती. थकबाकीदारांची नावे व्यासपीठावरून कधीही वाचू नयेत. एकूण रक्कम वाचावी.

कुणाला मदत वाटायची असेल, तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय कमिटीने एकदा मोठ्याने वाचावा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही. सात माणसे निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार ज्यांची होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप आले. नाताळच्या धान्यवाटपाबद्दल मागच्या बाकावरून कुरकुर येत असेल, तर मागच्या बाकावरच्या दोघांना यादी करायला बसवावे. ही युक्ती दोन हजार वर्षांची आहे आणि कमिट्यांना तरी दर वेळी नवी वाटते.

भाषा आणि गाणी

पेटी-तबल्यावरची जुनी मराठी भजने की कीबोर्ड-ड्रमवरची हिंदी गाणी, हा वाद जवळजवळ प्रत्येक मंडळीत आहे. तो संगीताचा आहे असे वाटते, पण बहुधा 'ही मंडळी कुणाची' याचा असतो. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाण्यापिण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून भांडणाऱ्यांना पौलाने एकाच रीतीचे करण्याचा प्रयत्न केलेला नाही. एकमेकांचा स्वीकार करा, तुच्छ लेखू नका, असे सांगितले. व्यवहारात याचा अर्थ असा, की गाण्यांची यादी आठवडाभर आधी ठरावी, ती ठरवणाऱ्यांत एक ज्येष्ठ आणि एक तरुण असावा, आणि नव्या गाण्याचे शब्द पडद्यावर किंवा कागदावर सगळ्यांपुढे यावेत. तरुणांनी महिन्यातून एक जुने भजन शिकून घ्यावे, आणि ज्येष्ठांनी ड्रम वाजू लागताच बाहेर जाऊन उभे राहू नये. आवाज मात्र कमी ठेवायला सांगण्याचा अधिकार ज्येष्ठांना आहे, आणि या एका मुद्द्यावर मी उघडपणे त्यांच्या बाजूचा आहे.

मोबाइलवरचा ग्रुप

मंडळीच्या ग्रुपवर वेळ, ठिकाण, आजारी माणसांसाठी प्रार्थनेची विनंती आणि मृत्यूची बातमी एवढेच असावे. ज्या वाक्याच्या शेवटी 'कळेल ज्याला कळायचे' असे येते, ते वाक्य पाठवू नये. ज्या वचनातून कुणाला टोला मारायचा आहे, ते वचन तर मुळीच पाठवू नये. पवित्र शास्त्राचा तो सर्वांत वाईट वापर आहे. कुणी रात्री उशिरा कमिटीवर लांबलचक लिहिले, तर ग्रुपवर उत्तर देऊ नये. ॲडमिनने सकाळी त्यांना फोन करावा.

कमिटीत गेल्यावर

सभेची नोटीस आणि विषयपत्रिका आधी मिळाली पाहिजे. 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली पैशाचा किंवा नेमणुकीचा निर्णय होऊ देऊ नका. नम्रपणे पुढच्या सभेत ठेवायला सांगा. इतिवृत्तात ठराव जसा झाला तसा लिहिलेला आहे का, हे पाहून मगच पुढच्या सभेत सही करा. तुमचे मत ठरावाच्या विरोधात असेल, तर ते सभेत बोला आणि नोंदवून घ्या. पण बाहेर आल्यावर 'मी तर विरोध केला होता' असे सांगत फिरू नका. ज्यांना सभेत बोलण्याचे धाडस होत नाही, तेच बाहेर सर्वांत जास्त बोलतात.

ट्रस्टची मालमत्ता असेल, तर कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली विश्वस्त बदलले, तर तो बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो, आणि स्थावर मालमत्ता विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मिशन कंपाउंडच्या जागांवरून होणारे वाद हे सर्वांत लांबणारे वाद असतात, आणि त्यांची सुरुवात बहुतेक वेळा वेळेवर न केलेल्या नोंदीत असते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात भावाभावांनी कोर्टात जाऊ नये असे म्हटले आहे. कागद वेळेवर नीट ठेवणे हा त्या वचनाचे पालन करण्याचा अगदी रुक्ष पण खात्रीचा मार्ग आहे.

पाळक आणि त्यांच्या बाजूचे लोक

करिंथच्या मंडळीत कुणी पौलाचा होता, कुणी अपुल्लोसचा, कुणी केफाचा. आपल्याकडे कुणी जुन्या पाळकांचा असतो, कुणी नव्या. बदली होऊन गेलेल्या पाळकांना फोन करून नव्यांच्या तक्रारी सांगणे थांबवावे, आणि गेलेल्या पाळकांनीही असे फोन ऐकून घेऊ नयेत. नव्या पाळकांच्या पहिल्या वर्षात बारीकसारीक बदलांवर हरकत घेण्याची घाई करू नये. खरोखर गंभीर तक्रार असेल, तर ती सहीनिशी लेखी, योग्य वरिष्ठांकडे द्यावी. निनावी पत्रांवर कार्यवाही करू नये आणि ती लिहूही नयेत.

जेथे समेट हा पहिला मार्ग नाही

वर ज्या अपवादाचा उल्लेख केला तो असा. मारहाण, लैंगिक छळ, लहान मुलांवरील अत्याचार, धमकी आणि पैशाचा अपहार या गोष्टी दोन भावांमधला गैरसमज नसतात. येथे दुखावलेल्याला 'क्षमा कर आणि एकांतात जाऊन भेट' असे सांगणे चूक आहे, आणि काही बाबतींत बेकायदेशीर आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पाळक असो वा शब्बाथशाळेचा शिक्षक, यातून कुणालाही सूट नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ हा शब्बाथशाळेच्या खोलीत मुलांना वाचता येईल असा लावून ठेवावा. 'मंडळीचे नाव खराब होईल' हे वाक्य अशा वेळी ज्याच्या तोंडून येईल, त्याच्याकडे चौकशीचे काम देऊ नये.

घरात मार खाणाऱ्या बहिणीला तिच्या नवऱ्यासह एकाच खोलीत बसवून समेटाची बैठक घेण्याची पद्धत अजूनही आढळते. ती बंद करावी. आधी तिची सुरक्षितता, नंतर तिची इच्छा, आणि त्यानंतर, तिने मागितल्यासच, बाकीचे.

कुणी मंडळी सोडून जात असेल तर

सगळे करूनही काही जण जातात. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरामध्ये मार्काला बरोबर न्यायचे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. लूकने ते लपवलेले नाही. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच पौल मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगी आहे, असे सांगतो. म्हणून जाणाऱ्याची वाट मोकळी ठेवावी.

तो दुसऱ्या मंडळीत जात असेल, तर सभासदत्वाचे पत्र मागितल्याबरोबर द्यावे, थकलेल्या वर्गणीसाठी अडवून ठेवू नये. बाप्तिस्म्याचा किंवा विवाहाचा दाखला हा तर त्याचाच आहे. त्याच्या जाण्याबद्दल व्यासपीठावरून काही बोलू नये, बोलायचेच असेल तर त्याने केलेल्या सेवेबद्दल आभार मानावेत. नव्या मंडळीच्या पाळकांनी चौकशी केली, तर जे कागदावर आहे तेवढे सांगावे.

दफनाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. घरातल्या वृद्ध माणसाच्या मृत्यूच्या दिवशी, वर्गणी थकली म्हणून किंवा कुटुंब दुसऱ्या मंडळीत गेले म्हणून दफनभूमीत जागा नाकारली गेली, तर ती जखम दोन पिढ्यांतही भरत नाही. दफनभूमीचे नियम काय असावेत हे कमिटीने शांत काळात ठरवावे आणि लिहून ठेवावे, म्हणजे मृत्यूच्या घरी वाटाघाटीची वेळ येणार नाही. नियमात न बसणारी विनंती आली, तर निर्णय पाळक आणि दोन सभासदांनी तासाभरात घ्यावा, आणि शंका असल्यास तो कुटुंबाच्या बाजूने घ्यावा. थकलेल्या वर्गणीचा विषय मृत्यूनंतरच्या महिन्याच्या प्रार्थनेपर्यंत कुणी काढू नये, आणि त्यानंतरही तो खजिनदारांनी घरी जाऊन काढावा.